नंबर लागतो तरी

‘‘कोके, पुस्तक संपला गो! दुसरा आन!’’

दोर धक्क्यावर फेकायच्या आधी ही हाक यायची. होडी अजून खाडीच्या तोंडाशी, इंजिनाची फटफट मंद झालेली, खलाशी टोपल्या पुढं सारताहेत, आणि फळीवर उभा राहून विनेश तांडेल सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा ओरडतोय. मासळी घ्यायला उभ्या असलेल्या बायका पदर तोंडाशी नेऊन हसायच्या. ‘‘आमचा नवरा आल्याआल्या जेवान मागतो, हिचा पुस्तक मागतो गो!’’ आणि कोकिळा, नारळांच्या मागच्या लायब्ररीत, खिडकीतून मान काढता काढता पुन्हा आत घ्यायची.

लग्नाआधीपासून ती त्या लायब्ररीत कामाला होती. विनेश चौथीतून शाळा सोडलेला. पुस्तक न्यायचा, समुद्रावर फिरवून आणायचा, पान न उलटता परत करायचा. एकदा तिनं विचारलं, ‘‘शेवटी काय होतं मग ह्यात?’’ तो कानापर्यंत लाल झाला. पुढच्या खेपेला मात्र एकेक अक्षर लावत सगळं पुस्तक वाचून आला आणि उभ्या उभ्या तिला सगळी गोष्ट सांगितली, तीही चुकीच्या टोकापासून. त्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्याला होकार देऊन टाकला. त्यानं मागितला तो बऱ्याच पावसाळ्यांनी.

मग एका वादळात त्याची होडी गेली. बाकीचे खलाशी सापडले, कोण जिवंत, कोण कसा. होडीही सापडली, उलटी. विनेश नाही सापडला. त्याची आई सोनूबाई किनाऱ्यावर उभी राहून सगळ्या पंचांना म्हणाली, ‘‘देह दाखवा. देह न्हाय तर मरान न्हाय. माझ्या दारात कुनी रडायचा न्हाय.’’

कुणी रडलं नाही. कोकिळाही नाही. कुंकू राहिलं, हिरव्या बांगड्या राहिल्या. नारळी पुनवेला बाकीच्या बायकांच्या रांगेत उभी राहून तीही दर्याला नारळ देत राहिली. रांगेतल्या बायका तिच्यासाठी जागा करायच्या. नको तितकी.

*

यंदा मासळी लांब गेली. पूर्वी पहाटे गेलेल्या होड्या सांजेला यायच्या. आता चार चार, पाच पाच दिवस बाहेर. दांडेखार गावच्या लायब्ररीत त्यामुळे चिटपाखरू फिरकेना. पुरुष दर्यावर, बायका मुरुडच्या बाजारात नाहीतर वाळवणात. अशात वरून आदेश आला, की सगळ्या वाचनालयांनी आपले सभासद नव्या ऑनलाइन पद्धतीवर चढवायचे. महिनाअखेरपर्यंत. नाही चढवले तर वाचनालय बंद धरलं जाईल.

शिकवायला जिल्ह्यावरून प्राप्ती नावाची मुलगी आली. खांद्याला लॅपटॉपची पिशवी, पायात बूट. बूट दाराबाहेर काढून आत आली म्हणून अंबाजी गुरुजींना लगेच आवडली. गुरुजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून लायब्ररीचे ग्रंथपाल, बिनपगारी. पंचा गळ्यात, चष्मा दोऱ्याला.

‘‘गुरुजी, हा माउस. ह्याच्यावर हात ठेवा.’’

गुरुजींनी जिवंत चिंबोरी पाठीमागून धरावी तसा तो धरला.

‘‘सैल धरा. आता दाबा. गुरुजी, एकदाच!’’

‘‘हळू दाबलं तर त्याला कळत नाही, जोरात दाबलं तर तुम्हाला राग येतो,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘कोकिळे, तू बस. माझी बोटं खडूची आहेत.’’

कोकिळा बसली. सकाळी दोरीवर बोंबील टाकून आली होती. साबणानं तीनदा हात धुतले तरी नखांत वास होता. प्राप्ती शेजारी वाकली तेव्हा तिनं बोटं आत मुडपली.

‘‘ताई, हात मोकळा सोडा की.’’

‘‘वास येतो.’’

‘‘माझी आजी सुकी मासळीच विकायची,’’ प्राप्ती म्हणाली आणि तिचा हात धरून कीबोर्डवर ठेवला.

चार दिवस ती येत राहिली. पुस्तक कसं चढवायचं, वाचकानं घरून मागणी केली की ती कुठं दिसते, बोलकी पुस्तकं लोकांच्या मोबाइलमध्ये कशी भरून द्यायची, एखादी बातमी, एखादा शासननिर्णय कसा शोधून काढायचा. कोकिळा घरी जाताना वाटेवर पुटपुटत जायची, ओवी पाठ करावी तसं. आधी नाव, मग नंबर, मग पाठवा, मग थांबा.

‘‘सभासदाचा मोबाइल नंबर टाकायचा,’’ प्राप्तीनं दाखवलं. ‘‘त्याला ओटीपी जातो. तो त्यानं आपल्याला सांगायचा, आपण इथं भरायचा. झाला सभासद.’’

‘‘आणि ज्याचा येणार नाही?’’

‘‘त्याचं नाव यादीतून काढायचं.’’

कोकिळानं पडद्याकडं पाहिलं. नावं अकारविल्हे उतरत गेलेली. प्राप्तीचं बोट खाली खाली सरकत एका ठिकाणी थांबलं. ‘‘हे विनेश... ह्यांच्याकडं एक पुस्तक बाहेर दिसतंय. बरंच जुनं. कोण हे?’’

गुरुजी खोकले. ‘‘ते नाव आपण मागाहून बघू.’’

प्राप्तीनं कोकिळाच्या कपाळाकडं पाहिलं, गुरुजींकडं पाहिलं, आणि पान पुढं सरकवलं.

*

ओटीपीचं प्रकरण गावात चालेना. कोकिळा घरोघर फिरली. कमळ तिच्याच आळीतली, तोंडाळ आणि मायाळू. दारात कोळंबी सोलत बसली होती.

‘‘कमळबाय, तुझ्या मोबाइलवर आता एक नंबर येईल. तो मना सांग.’’

‘‘आली व्हय चोरटी!’’ कमळ कोळंबीचं डोकं उडवत ओरडली. ‘‘ती फोनातली बाय रोज सांगते, ओटीपी कुनाला सांगू नका, ओटीपी कुनाला सांगू नका. भावाला नको सांगू, बँकवाल्याला नको सांगू. आन तुना सांगू?’’

‘‘लायब्रीचा हाय गो.’’

‘‘लायब्रीवालीला सांगा आसा ती बाय कवा बोल्ली? बोल्ली आसती तर सांगितला आसता.’’

शेवटी तिनं सांगितला, पण कानात, आणि तोही आधी चुकीचा.

बायकांचं असं एकेक करून जमलं. पुरुषांचं जमेना. त्यांचे मोबाइल त्यांच्याबरोबर दर्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, इंजिनाच्या खोलीत खिळ्याला. किनारा दिसेनासा झाला की रेंज जायची. कोकिळानं नंबर टाकला की ओटीपी दर्याच्या दिशेनं जायचा आणि तिथंच कुठंतरी राहायचा. दहा मिनिटांत तो मरतो, असं प्राप्ती म्हणाली होती. पाच दिवसांनी होडी आली की माणसाच्या हातात मेलेला आकडा.

‘‘होड्या लायब्रीत येत न्हायत,’’ कोकिळा गुरुजींना म्हणाली. ‘‘मग लायब्रीनं होडीवर जायला पायजे.’’

त्या दिवसापासून होडीची चाहूल लागली की ती लायब्ररीला मिळालेला लॅपटॉप दोन पिशव्यांत घालून धक्क्यावर जायची. उलट्या टोपलीवर लॅपटॉप, त्याच्यावर छत्री, पायाखाली बर्फाचं पाणी. लिलावाची बोली चाललेली, कुणी मुशीला शेपटाकडनं ओढतंय, कुणी जाळं झाडतंय. आणि मध्ये ती. ‘‘शुभमदादा, मोबाइल काढ. नंबर आला? बोल!’’ ओले, खवले लागलेले अंगठे काचेवर फिरेनात. ती आपल्या पदरानं काच पुसायची. नंबर झाला की त्याच्या मोबाइलमध्ये बोलकी पुस्तकं भरून द्यायची, रेंज नसली तरी ऐकू येतील अशी.

पहिल्यांदा चेष्टा झाली. ‘‘लिलावात आता गोष्टी पन निघाल्या. काय भाव?’’ मग एका खेपेला शुभम धक्क्यावर उतरला तो तिच्याकडंच आला. ‘‘काकी, ती गोष्ट तिकडं दर्यातल्या तेलाच्या विहिरीपल्याड संपली. राती पाहाऱ्याला कायतरी कानात लागतं आता. दुसरी भर.’’

तिनं त्याचा मोबाइल घेतला. काच पुसत राहिली. बराच वेळ पुसत राहिली, मग शुभम म्हणाला, ‘‘साफ झाला गो काकी.’’

*

संध्याकाळी घरी आली की सोनूबाई वाळवणात असायची. बांबूंवर दोऱ्या ताणलेल्या, दोन दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून त्यावर टाकलेली. वाऱ्यानं सगळी रांग एकदम हलायची. म्हातारी वाकून वाकून खाली गळलेले उचलायची, पुन्हा जोडी लावायची, आणि गुणगुणायची. आवाज कधीचा फाटलेला, पण चाल सोडलेली नव्हती.

दर्याच्या पल्याड गो, दिवा कुनाचा जळतो,
माझ्या बाळाच्या होडीचा, वारा सुकानू वळतो.

कोकिळाची सावली दोरीवर पडली की गुणगुणणं थांबायचं. मग रोजचा प्रश्न.

‘‘काय बोल्ला तुझा यंत्र?’’

कोकिळा शोधायला शिकली तेव्हापासून हा प्रश्न सुरू झाला होता. परमुलखाच्या हद्दीत गेलेले, तिथं धरलेले, मग कधीतरी सुटून आलेले कोळी. अशा बातम्या यंत्रात सापडतात हे तिनंच एकदा बोलून दाखवलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी लायब्ररी रिकामी झाली की ती नाव टाकायची. विनेश. गावाचं नाव. होडीचं नाव. वेगवेगळ्या अक्षरांत, मागं पुढं करून. दुसऱ्याच कुठल्या कुठल्या विनेशांचे फोटो यायचे. कुणी क्रिकेट खेळणारा, कुणी लग्नात हार घातलेला.

‘‘आज काय न्हाय, आये.’’

‘‘उद्या बघ.’’

‘‘बघतंय.’’

‘‘नीट बघतेस ना? सगळीकडं?’’

‘‘सगळीकडं.’’

मग दोघी मिळून दोरीवरचे बोंबील पालटायच्या. वारा बदलला की वास बदलायचा. जेवणात सोनूबाई सुनेच्या ताटात माशाचा मधला तुकडा घालायची, आणि स्वतः शेपूट घ्यायची. इतक्या वर्षांत त्यात बदल नव्हता. दोघींच्या अंथरुणांमध्ये एका माणसाची जागा मोकळी असायची, त्यातही नव्हता.

कोकिळाचं वय चाळिशीच्या अलीकडं पलीकडं. पोटी लेकरू नाही. तिचा भाऊ उरणला. त्यानं मागं एकदा निरोप धाडला होता की अजून वेळ गेलेली नाही, एक चांगला माणूस आहे. तिनं उत्तरही धाडलं नाही. दुसऱ्या घरी जायचं कुणी, तर विधवेनं नाहीतर सोडलेलीनं. ती दोन्ही नव्हती. ती वाट बघणारी होती, आणि वाट तरी तिची स्वतःची होती की सासूची, हे तिला कधी कधी कळत नसे. आत कुठंतरी छातीखाली एक रडं बसलेलं होतं, दगडासारखं. ते हलवायला गेलं की म्हातारीचा किनाऱ्यावरचा आवाज यायचा. कुनी रडायचा न्हाय.

*

महिनाअखेर आली. जिवंत सभासदांची सगळी नावं पडद्यावर हिरवी झाली. मेलेल्यांची नावं गुरुजींनी तोंडी सांगितली, कोकिळानं एकेक करून काढली. प्रत्येक नावाला गुरुजी पंच्याचं टोक डोळ्याला लावत आणि ‘‘चांगला वाचक होता’’ असं म्हणत, ज्यांनी आयुष्यात एकच पुस्तक नेलं त्यांनाही. शेवटी एक नाव उरलं.

गुरुजी उठले. ‘‘मी जरा घरी जाऊन येतो. तू... तुला काय करायचं ते कर. ठेवता येत असेल तर ठेव. मी तपासणार नाही.’’

दुपार. बाहेर नारळाची झापं घासताहेत. धक्का रिकामा, ओहोटीनं होड्या कलंडलेल्या. कोकिळा पडद्यासमोर बसली. काढून टाकण्याच्या जागी नेलेला बाण तिनं परत आणला. तिला वाटलं, नावाला एकदा तरी विचारावं. न विचारता कसं काढायचं?

नंबर तिला पाठ होता. सुरुवातीच्या दिवसांत तिनं तो इतक्यांदा लावला होता की बोटं आपोआप जायची. आधी ‘बंद आहे’ म्हणायचा, मग ‘अस्तित्वात नाही’. ते ऐकल्यावर तिनं फोन खाली ठेवला, तो पुन्हा कधी लावला नाही.

तिनं आकडे टाकले. पाठवा. थांबा.

‘ओटीपी पाठवला आहे.’

हिरव्या अक्षरांत. तिचे हात मांडीवर पडले. नंबर चालू होता. कुठंतरी, कुठल्या तरी खिशात, कुठल्या तरी पिशवीत, आत्ता तो आकडा वाजला होता. तिला माहीत होतं की असं होत नसतं. तरी उठली, बसली, पाणी प्यायली, आणि आपला मोबाइल काढून तोच नंबर लावला.

वाजला. पुन्हा वाजला.

‘‘हॅलो?’’ बायकी आवाज. मागं ट्रकचे हॉर्न. ‘‘कोण बोलते?’’

कोकिळानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

‘‘हॅलो? अरे बोला ने!’’

‘‘हा... हा नंबर विनेशचा...’’

पलीकडं हॉर्न वाजत राहिले. मग आवाज एकदम खाली आला. ‘‘विनेश? तुम्ही त्या आजीच्या घरून बोलता काय?’’

‘‘कुठली आजी?’’

‘‘सोनूआजी. बरी आहे ना? काय झाला तर नाय ना तिला?’’

‘‘बरी आहे,’’ कोकिळा म्हणाली. ‘‘तुम्ही कोण?’’

‘‘हेतल. मी इथे उरणला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे. हा नंबर मला कंपनीने दिला, जुना कोणाचा ते काय मला ठाऊक नाय. घेतला तशी आजीचा फोन आला. विनू, जेवलास काय. मी बोलली, आजी, राँग नंबर. परत आला. परत आला. मग एकदा मी सगळा समजावला, आजी, विनेशभाई इथे नाय, नंबर आता माझा आहे. तर ती काय बोलली?’’

‘‘काय?’’

‘‘बोलली, ठाव हाय गो बाय, तो गेला. पण नंबर लागतो तरी. वाजतो तरी. तू उचलू नको पायजे तर, मी नुसता वाजवते.’’ हेतल थांबली. ‘‘मी उचलते ताई. कामात असली तरी उचलते. जेवली काय म्हणून विचारते, मी जेवली बोलते. बस. तुम्ही सून ना? कोकी?’’

‘‘व्हय.’’

‘‘तुमचा पण सांगते. लायब्रीचा यंत्र शिकली म्हणून. फार कौतुक करते.’’

कोकिळानं फोन कानापासून काढला तेव्हा पडद्यावरची दहा मिनिटं संपलेली होती. तिनं लॅपटॉप मिटला, दाराला कुलूप लावलं, आणि चप्पल घालायची राहिली हे तिला वाळू पोळली तेव्हा कळलं.

*

सोनूबाई दोरीखाली बसली होती, पाय लांब करून, मांडीवर टोपली. तिच्या कमरेला छोटी पिशवी, पिशवीत बटणांचा जुना फोन. रोज तिथंच असायचा. कोकिळानं तो रोज पाहिला होता.

‘‘इतक्या लवकर?’’ म्हातारी म्हणाली. मग सवयीनं, वर न बघता, ‘‘काय बोल्ला तुझा यंत्र?’’

कोकिळा समोर वाळूत बसली. ‘‘मी विनेशच्या नंबरावर फोन लावला, आये.’’

म्हातारीचे हात दोन बोंबलांची तोंडं जोडत होते. जुळता जुळता ते थांबले.

‘‘ती पोर होती ना, हेतल,’’ कोकिळा म्हणाली. ‘‘बरी बोल्ली.’’

‘‘चांगली हाय.’’ सोनूबाईनं बोंबील टोपलीत ठेवले. ‘‘तिला आय न्हाय.’’

‘‘तुना ठाव हाय, आये. मंग मना रोज काय म्हनून शोधायला लावतेस? रोज दुपारी मी तिथं बसतंय. दुसऱ्यांचे फोटो बघतंय. रोज येऊन तुना सांगतंय, न्हाय, न्हाय, न्हाय. तुना काय वाटतं, मना काय होत नसेल?’’ ती अशी कधी बोलली नव्हती. पलीकडच्या वाळवणातून कमळनं मान वळवली आणि पुन्हा फिरवली.

सोनूबाई वाऱ्याकडं तोंड करून बसली. तिचे डोळे कायमच पाणावलेले असत, मिठानं. त्यावरून काही कळायचं नाही.

‘‘पहिल्या वरसाला मना खरंच वाटायचा, येईल,’’ ती म्हणाली. ‘‘मंग एकदा पहाटं उठलंय तर छाती मोकळी. काय न्हाय आत. तवाच समजला. आयेला समजतं.’’

‘‘मंग का बोल्ली न्हायस?’’

‘‘कशी बोलू? एकदा बोल्लंय की पंच येतील, बाया येतील, तुझ्या बांगड्या फोडतील, आन तुझा भाऊ गाडी घेऊन येईल. त्याचा चुकीचा न्हाय. पन मी त्या दोन खोल्यांत...’’ तिनं हातानं वाऱ्यात काहीतरी पुसून टाकलं. ‘‘तू शोधत व्हतीस तवर तू घरची व्हतीस. म्हनून रोज इचारायची. मना वाटायचा, तुना पन आस हाय. नसती तर तू कवाच नको बोल्ली आसतीस.’’

वर दोरी हलली, आणि बोंबलांच्या सावल्या दोघींच्या मांड्यांवरून गेल्या आणि आल्या.

‘‘बोल की,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘शिव्या दे. पन बोल.’’

कोकिळानं म्हातारीच्या कोपराला धरलं, घट्ट, धक्क्याचा दोर धरावा तसं.

‘‘मी कुठं जात न्हाय, आये,’’ ती म्हणाली. ‘‘पन विनेश बुडाला. त्याच राती बुडाला, मना तवापासून ठाव हाय. आता मना रडायचाय.’’